सात फोनांची आत्याबाई

आत्याबाईंकडं स्वतःचा फोन नव्हता. एकदा त्यांचा भाचा पुण्याहून येताना एक घेऊन आला होता. आत्याबाईंनी तो आठ दिवस वापरला आणि नवव्या दिवशी डब्यासकट परत केला.

"वाजला का छातीत धस्स होते," त्या म्हणाल्या. "अन् वाजला नाई तं वाटते, आपली कोनी आठवन काढून नाई राह्यलं. दोन्हीकून मरन."

पण दसऱ्याच्या आधी आम्ही बाया गावातून पायी नागपूरला दीक्षाभूमीवर निघायचो, तेव्हा सगळ्यांचे फोन त्यांच्याच ताब्यात असायचे. आम्ही आठ बाया, फोन सात. बारा दिवसांच्या वाटेवर एकही फोन मरू द्यायचा नाही, हे काम त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. कोणी दिलं नव्हतं. कोणी परत घ्यायची हिंमतही केली नसती.

आत्याबाई आमच्याच गावच्या लेक. नवरा वारल्यावर माहेरी परत आल्या, म्हणून साऱ्या गावाच्या आत्याबाई. सरपंचही आत्याबाई म्हणतो आणि त्याचा बापही. आमचं गाव अनसिंगपासून पायी तासाभरावर आहे. मी तिथं सून होऊन आले. पुढं शाळेत खिचडी शिजवायचं काम आम्हा दोघींना मिळालं. मला बोलायला फार जमत नाही. चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच राहतो. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, "तांदूळ किती उरले?" तर मी बोटं दाखवायची. आत्याबाईंना ते आवडायचं. "तू बोलत नाईस म्हनून काम होते," असं म्हणून त्या दोघींच्या वाट्याचं बोलून घ्यायच्या.

फोनांचा कारभार त्यांच्याकडं आला तो माझ्या धाकट्या जावेमुळं. जाऊ पहिल्याच वर्षी निघाली तेव्हा दिवसभर कानात वायर घालून भीमगीतं ऐकत चालली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन मेला. मुलानं दिलेली पॉवर बँक होती, तीही गाण्यांतच संपली. घरी दीर घाबरला. फोन लागत नाही म्हणून मोटारसायकल काढली आणि तीन तास रस्त्यानं शोधत आला. जाऊ त्याला एका हॉटेलात भजी खाताना सापडली. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "फोन कायले घेतला मंग?" जाऊ म्हणाली, "तुमीच घेऊन देल्ला." त्यावर तोही भजी खायला बसला.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी पदर पसरला आणि म्हणाल्या, "टाका इथं सारे."

पुढच्या वर्षी त्या पिशवी शिवूनच आल्या. जाड कापडाची, खांद्याला अडकवायची, आत सात कप्पे. प्रत्येक फोनाला जुन्या ब्लाऊजच्या कापडाचं वेगळं टोपरं. त्यांना कंपनी कळत नव्हती, कापड कळायचं. जावेचा लाल फुलांचा, पाटलाच्या वाड्यामागं राहणाऱ्या काकूंचा पिवळा, माझा हिरव्या काठाचा. माझा फोन बटणांचा, जुना, बॅटरी फुगलेली, मागं रबर लावलेलं. पिशवीत सहा जातीच्या वायरी होत्या. त्यांतली बारीक पिनची फक्त माझ्यासाठी. तिच्यावर त्यांनी हिरवा दोरा गुंडाळला होता.

फोन चार्जिंगला लावायच्या त्यांच्या पद्धती होत्या. उन्हातून आलेला फोन लगेच लावायचा नाही. "घामेजून आला हाय, दम खाऊ दे." आधी सावलीत वीस मिनिटं टोपरं काढून ठेवायचा. पूर्ण भरायचा नाही, पोट फुगतं. माझ्या फोनाकडं बोट दाखवून त्या सांगायच्या, "हे पाह्य, ह्यानं हावरटपना केला." वाशीमच्या मोबाईल दुकानातल्या माणसालाही त्यांनी हे ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे मावशी, शंभर करू नका." तेव्हापासून त्या आम्हाला जास्तच ऐकवायला लागल्या.

आणि लावलेल्या फोनाजवळून त्या उठायच्या नाहीत. एकेकाला हात लावून बघायच्या, लेकराचा ताप बघावा तसं. कोणी विचारलं, "झाले का आत्याबाई?" तर म्हणायच्या, "चौघांचं पोट भरलं, तिघं राह्यले."

सर्वात अवघड पद्धत मात्र वेगळीच होती, आणि तिचा त्रास आम्हा सगळ्यांना व्हायचा. आत्याबाई कोणाची लाईट फुकट घ्यायच्या नाहीत. पैसे द्यायचा तर प्रश्नच नव्हता, कारण पैसे कोणी घेतही नाही. मुक्कामाला ज्या घरी उतरलो, तिथं त्या आधी प्लग कुठं आहे ते विचारायच्या आणि मग लगेच, "काय काम हाय?"

"काही नाही हो, बसा, दमून आलात."

"दमायचं काय त्यात. काम सांगा."

पहिल्या मुक्कामाला वाशीमला एका घरी बारशाची तयारी चालली होती. आम्ही पाय सुजवून पोचलो, पाणी प्यायलो, आणि आत्याबाईंनी आतून परात भरून लसूण आणला. आठ बाया भिंतीला टेकून लसूण सोलत बसलो. जाऊ कुरकुरली, "आत्याबाई, एका फोनाले किती लसून लागते?" त्या म्हणाल्या, "तुह्या फोनाले दोन किलो. तू गाने ऐकतं." फोन भरले. आमच्या बोटांना मात्र कारंजा येईपर्यंत वास होता.

मंगरूळपीरला एका शिंपीचाचांच्या दुकानासमोर थांबलो होतो. शाळेच्या शर्टांचा ढीग पडलेला. चाचांनी स्वतःच बोलावलं, "आओ आपा, पंखे के नीचे बैठो." आत्याबाईंनी फोनांची रांग लावली आणि सुई-दोरा मागितला.

"प्लग के लिए कौन बटन टाँकता है?" चाचा हसले.

"मी लावतो."

शर्ट एकोणीस होते. आत्याबाईंचा हात एवढा चालला की पाऊण तासात बटणं संपली आणि तीन फोन अजून अर्धेच होते. आत्याबाई उठल्या. म्हणाल्या, काम संपलं, आता फोन काढतो. चाचा म्हणाले, "अरे थांबा, चार्ज होऊ द्या." त्या वायरीला हात घालायला लागल्या. तेव्हा चाचांनी त्यांची पाठ वळल्याची संधी साधून कात्रीनं एका शर्टाची चार बटणं कच्चकन कापली आणि म्हणाले, "लो, ये एक रह गया."

आत्याबाईंनी शर्ट हातात घेऊन बघितला. कापलेला दोरा ताजा होता.

"हे आत्ता तोडलं का तुमी?"

"बच्चे तोड देते है, आपा."

"लेकराच्या हातात कैची कोन देते?"

चाचांनी कात्री शर्टांच्या ढिगाखाली सरकवली.  आत्याबाई खाली बसल्या आणि ती चार बटणं त्यांनी अशी सावकाश लावली की तिन्ही फोन भरले. निघताना चाचांनी आमच्या बाटल्यांत थंड पाणी भरून दिलं. ते मात्र त्यांनी घेतलं. पाण्याला त्या नाही म्हणायच्या नाहीत आणि पाण्याचं कामही करून द्यायच्या नाहीत.

मी एकदा खिचडी ढवळताना विचारलं होतं, असं का. त्या वेळी शाळेत कोणी नव्हतं म्हणून मला विचारता आलं.

"माही माय विहिरीच्या ओट्याखाली उभी राहे," त्या म्हणाल्या. "ओंजळ करून. वरून कोनी ओतलं तं पानी. नाई ओतलं तं दुपार होये. म्या लहानपनी ते पाह्यलं. पानी कोनाच्या बापाचं नाई, म्हनून ते म्या हक्कानं पितो. बाकीचं काई मले ओंजळीत नाई पाह्यजे." मग चमचा माझ्या हातातून घेतला. "लागून राह्यली खाली. ध्यान कुठं हाय तुहं?"

आता गुडघ्यांमुळं त्या चालायला येत नाहीत. तरी निघायच्या दिवशी फाट्यावर येतात, पिशवीतली एकेक वायर ओढून बघतात आणि काय काय चुकेल ते सांगतात. पण मला त्यांचं सांगायचं आहे ते त्या वर्षाचं, ज्या वर्षी माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या जागेचं चाललं होतं.

मुलगी बारावी झाली होती. नर्सिंगचा फॉर्म आम्ही वाशीमला नेटवर भरला. भरणारा मुलगा म्हणाला, कधी बदलणार नाही असा नंबर द्या. मुलीकडं तेव्हा फोन नव्हता. माझा नंबर दहा वर्षांचा, म्हणून माझा दिला. यादी दसऱ्यानंतर लागणार होती. नाव आलं की माझ्या फोनवर सहा आकडे येतील, ते तीन मिनिटांत कॉम्प्युटरवर भरले की जागा पक्की. नाही भरले तर जागा पुढच्या मुलीला. मुलगी तोवर रिसोडला मामाकडं कॉम्प्युटर शिकायला गेली. दसऱ्याला वेळ होता, म्हणून मी फोन घेऊन निघाले.

मंगरूळपीर सोडून आम्ही कारंज्याच्या रस्त्याला लागलो, त्या रात्रीच्या मुक्कामाला लाईटचा खेळ चालला होता. येते, जाते. चालू प्लग एकच. आत्याबाईंनी कोणाचा फोन आधी लावायचा हे ठरवायला घेतलं. ज्यांची लहान लेकरं घरी आहेत त्यांचा आधी. ज्यांचे नवरे घाबरट आहेत त्यांचा नंतर. माझा नंबर आला तेव्हा मीच म्हणाले, "माझा राहू द्या. मले कोन फोन करते?"

"तुले नाई का कोनी?"

"पोरगी करते. पन ती रविवारी."

त्यांनी माझ्याकडं जरा पाहिलं आणि हिरवं टोपरं परत पिशवीत ठेवलं. फोनात एक काडी होती. सकाळपर्यंत तीही गेली.

सकाळी त्यांनी रोजच्यासारखे सगळे फोन बंद करून पिशवीत घातले. चालताना फोन चालू ठेवायचा नाही, हाही त्यांचा नियम. "चालताना कोनाशी बोलायचं? ज्यांच्याशी बोलायचं त्या सोबत हायेत." सकाळी निघताना एकदा आणि मुक्कामाला एकदा, एवढाच फोन उघडायचा. चार्जिंग वाचायची, हे खरं. सात घरं दिवसभर आमच्याशी बोलू शकायची नाहीत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या नाही, आमच्याही नाही.

चारच्या सुमारास आम्ही रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलो. पुढचं गाव अजून तीन-चार किलोमीटर होतं. जाऊ पाय धुवायला म्हणून मागं गेली. ती पिशवीतून लाल फुलांचं टोपरं हळूच काढून घेऊन गेली होती. एखादं गाणं ऐकावं, एवढाच तिचा विचार. फोन चालू केला आणि लगेच वाजला.

ती पळत आली. "वैनी, तुमची पोरगी."

मुलगी रडत होती. यादी ठरल्यापेक्षा आठ-दहा दिवस आधीच, त्या सकाळी लागली होती. तिचं नाव आलं होतं. मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. सकाळपासून तिनं मामाच्या फोनवरून मला, जावेला आणि काकूंना लावून पाहिलं होतं, तिघींचेही बंद.

"आई, तुझा फोन चालू कर. मी कॉम्प्युटरसमोर बसून आहे. आकडे पाठव म्हटलं की तुझ्यावरच येतात. दुसरीकडं नाही येत."

माझा फोन म्हणजे रबर लावलेला दगड झाला होता. बटण दाबून धरलं तरी काही नाही. जावेची पॉवर बँक त्या वर्षी घरीच होती.

सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. काकू म्हणाल्या, सिम काढून दुसऱ्या फोनात घाला. काढून बघितलं तर माझं सिम जुनं, मोठं. त्यांच्या फोनांत जाणारं नखाएवढं. जाऊ म्हणाली, "ब्लेडनं कापू का? दुकानात असंच कापतेत."

"कापलं अन् बिघडलं तं?" आत्याबाई म्हणाल्या. "ते काय काकडी हाय?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.  हात पिशवीवर. मला वाटलं, आता त्या म्हणतील की चूक झाली, आणि तसं त्या म्हणू नयेत असंही वाटलं, कारण माझा फोन मीच मागं ठेवायला सांगितला होता. पण त्या तसलं काही म्हणाल्या नाहीत. मान वाकडी करून ऐकत होत्या.

"हा आवाज कायचा?"

बाजूच्या वावरात घुंई असा आवाज येत होता. सोयाबीन निघालं होतं आणि तुरीच्या ओळी डोक्याएवढ्या उभ्या होत्या. त्यांतून फवारा उडताना दिसत होता.

"बॅटरीचा पंप हाय तो," आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या. "बॅटरी म्हंजे चार्जिंग. चाल वं."

त्या बांध ओलांडून वावरात, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं सहा बाया, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. पाठीवर पंप घेतलेल्या माणसानं आम्हाला बघितलं आणि तो थांबलाच. तोंडाला रुमाल होता, तरी डोळ्यांवरून कळत होतं.

"काय झालं माय? कोनी गेलं का?"

"कोनी नाई गेलं. तुमच्या पंपाले फोन लावता येते का?"

"येते. बाजूनं फट हाय."

"लावू द्या."

"लावा न, पन थांबता नाई येत. वारा सुटाच्या आत मले एवढं उरकाचं हाय. उद्या पंप भावाकडं जाते. फोन लावून उभा राह्यलो तं अळी थोडीच उभी राहीन?"

"तुमी कायले उभे राहता? तुमी बसा. पंप मी घेतो."

"तुमी?"

"लाईट तुमची, मेहनत माही. कुठून कुठवर हाय ते सांगा."

तो माणूस आमच्याकडं बघायला लागला, की ही बाई खरंच बोलते आहे का. आम्ही कोणीच हसलो नाही. त्यानं पंप उतरवला. आत्याबाईंनी पदर खोचला, जावेच्या गळ्यातला रुमाल ओढून तोंडाला बांधला आणि पंप पाठीवर घेतला. मी हिरव्या दोऱ्याची वायर लावली. वायर वीतभर. म्हणजे फोन त्यांच्या पाठीला आणि मी फोनाला.

"चाल," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

सोयाबीनच्या खुंटांवरून मी त्यांच्यामागं पळत होते. एका हातात फोन, एका हातात निऱ्या. औषधाचा वास डोक्यात जात होता. त्या डावीकडं मारायच्या, उजवीकडं मारायच्या आणि मागं न बघता बोलायच्या.

"आला का जीव?"

"नाई."

ओळ संपली. वळलो. दुसरी लागली.

"आला का?"

"नाई अजून."

बांधावरून तो माणूस ओरडला, "बाई, नोझल खाली धरा. वरून मारून काय होते, अळी शेंड्यात नाई, फुलात हाय."

"मले शिकवू नका. तुमच्या सोडलेल्या दोन फांद्या म्या मारल्या."

तिसऱ्या ओळीत फोन थरथरला आणि त्याच्या तोंडावर उजेड आला. मी म्हणाले, "आला." पण आता दुसरीच अडचण. त्याच्यावर बोलायला घेतलं तर तो लगेच परत मेला असता, एवढाच जीव त्यात आला होता. मुलगी जावेच्या फोनवर होती आणि जावेच्या फोनाला रेंज फक्त रस्त्याच्या बांधावर. ती तिथून हलली की आवाज तुटायचा. मी तुरीत, ती बांधावर, मधे सात-आठ ओळी. जाऊ हात वर करून ओरडली, "वैनी, पोरगी आकडे पाठवून राह्यली. आले का सांगा."

फोनावर चिठ्ठी आली. सहा आकडे. माझी चौथी झालेली आहे, आकडे मला चांगले वाचता येतात. मी वाचले. एकदा मनात, एकदा तोंडानं.

"काय?" जाऊ ओरडली.

मी परत म्हणाले.

"वैनी, आईकू नाई येत."

पंप घुंई करत होता. आत्याबाई चालत होत्या. मी त्यांच्या पाठीला हात लावला. "आत्याबाई, जरा थांबा न. पंप बंद करा."

"बंद केला तं तुहा फोन पुन्हा मेला तं? अन् ओळ अर्धी सोडून कोनी थांबते का? ओरड."

मी ओरडले. म्हणजे मला वाटलं की ओरडले. बांधापर्यंत काही पोचलं नाही. जाऊ कानाला हात लावून उभी, काकू तिच्या शेजारी कानाला हात लावून उभ्या, तो माणूसही कानाला हात लावून उभा. मी आणखी एकदा प्रयत्न केला, तर गळ्यातून शेळीसारखं काहीतरी निघालं.

"वैनी," जावेचा आवाज आला, "पोरगी म्हनते वेळ संपला. आता आखरीचे पाठवते. पावनेपाच होऊन गेले."

आत्याबाई त्या वेळी थांबल्या. पंप चालूच, फवारा एकाच झाडावर. मागं वळल्या नाहीत. रुमालातून म्हणाल्या, "काल रात्री म्हनली, मले कोन फोन करते. म्या आईकलं. ठेवला तुहा फोन मागं. चुकलं माह्यं. आता तू चुकू नको. बोल."

फोन थरथरला. दुसरी चिठ्ठी.

मला माहीत नाही तो आवाज कुठून आला. मी मान वर केली, तोंड उघडलं आणि म्हणाले, "चार." तुरीतून दोन तितर उडाले. पलीकडच्या वावरात बैल सोडणारा माणूस थांबून बघायला लागला.

"चार," बांधावरून जाऊ म्हणाली. फोनात म्हणाली, "चार."

"शून्य."

"शून्य."

"सात. अजून सात."

"सात, सात."

"एक."

"एक."

"नऊ."

जाऊ म्हणाली, "नऊ," आणि फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली. बांधावर कोणी हललं नाही. फक्त पंप वाजत होता, आणि आत्याबाई पुन्हा चालायला लागल्या होत्या, कारण ओळ अर्धी राहिली होती. मीही पळत होते, वायर वीतभरच होती.

ओळ संपायच्या आत बांधावरून बायांचा गलका आला. जाऊ पदर हवेत फिरवत होती. "झालं वैनी. झालं म्हनते पोरगी. जागा झाली."

आत्याबाई ओळीच्या टोकाला पोचल्या, वळल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"काय म्हनते?"

"मिळाली जागा."

"मंग रडून काहून राह्यली? औषध गेलं का डोळ्यात?"

"हो."

"पान्यानं धू. पदरानं पुसू नको, पदरालेही औषध हाय."

बाया बांधावरून बोलवायला लागल्या. मुक्काम अजून तीन किलोमीटर होता, दिवस उतरला होता. तो माणूसही आत आला. पंपासाठी हात पुढं करून म्हणाला, "बस झालं माय. तुमचं काम झालं न? पोरीचं भलं झालं. द्या इकडं."

"अजून अर्धा पंप हाय भरलेला," आत्याबाई म्हणाल्या.

"तं मी मारतो न. माह्यं वावर हाय."

"तुमी मधात बोलू नका. फोन अजून लागलेला हाय."

असं म्हणून त्यांनी पंप पाठीवरून उतरवला आणि माझ्यासमोर ठेवला. तोंडाचा रुमाल सोडून माझ्या तोंडाला बांधला. गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

"हे तुह्यं हाय," त्या म्हणाल्या. "माह्यं म्या केलं."

मी आयुष्यात कधी पंप घेतला नव्हता. पट्टे खांद्यात रुतले, पाठीला गार ओल लागली. पहिल्या झाडावर जास्त मारलं, दुसऱ्यावर कमी. आत्याबाई आता माझ्यामागं फोन धरून चालत होत्या, स्वतःचा गुडघा दुखत होता तरी. "खाली धर," म्हणत होत्या. "फुलात मार. अळी फुलात हाय." हे त्यांना दहा मिनिटांपूर्वी त्या माणसानं सांगितलं होतं.

अर्धा पंप तीन ओळींत संपला. बांधावर पिशव्या खांद्याला लावून बाया उभ्याच होत्या. तो माणूस चपला हातात घेऊन आमच्यामागं मागं फिरत होता. मी पंप उतरवला. मग त्याला म्हणाले, आणि त्यानं पहिल्याच वेळी ऐकलं, "दादा, पानी कुठं हाय? अजून एक भरतो."